मालकीणबाईंचा अल्बम

प्रिंटरमधून पहिला फोटो बाहेर आला. वहिनींनी तो उचलला, एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा समोर बसलेल्या सासऱ्यांकडे पाहिलं, आणि फोटो पटकन टेबलावर पालथा ठेवला.

"दाखव की," आप्पा म्हणाले.

"नको आप्पा. बिघडलाय."

"अगं, तोंड माझं, आणि बघायची बंदी मलाच?"

शेवटी दाखवावाच लागला. फोटोतले आप्पा हिरवे होते. किंचित हिरवट झाक वगैरे नाही, चांगले कच्च्या केळ्यासारखे हिरवेगार. त्यात कपाळापासून हनुवटीपर्यंत आडव्या पांढऱ्या रेघा, एकीखाली एक. आप्पांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं आणि गंभीर होऊन विचारलं, "डॉक्टरकडे मला न्यायचं, की ह्या डबड्याला?"

वहिनींना हसू आलं नाही. एरवी आल्यावाचून राहिलं नसतं, पण आज सोमवार होता आणि शनिवारी अल्बम पोचवायचा होता.

तर आधी ही माणसं कोण ते सांगायला हवं. वहिनी म्हणजे दातवाल्या वहिनी. दातांच्या डॉक्टरांना कवळ्या आणि कॅपा बनवून देणारी एक छोटी प्रयोगशाळा आहे, तिथं त्या कामाला. दाताच्या रंगाच्या पट्ट्या खिडकीच्या उजेडात धरायच्या आणि समोरच्याच्या दाताशी तंतोतंत जुळवायच्या, हे त्यांचं रोजचं काम. हिरडीचा गुलाबीसुद्धा त्याच कालवतात. त्यांचे यजमान गाडी चालवायला शिकवतात, म्हणून सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणते. माणूस शांत. शिकाऊ पोरांच्या शेजारी बसून बसून अंगात इतका धीर मुरलाय की घराला आग लागली तरी आधी म्हणतील, "घाबरायचं नाही, हळूच क्लच सोडायचा." आणि आप्पा, म्हणजे मास्तरांचे वडील. वीजकंपनीत लाईनमन होते. सगळी नोकरी खांबावर आणि तारांवर गेली, आता निवृत्त.

आणि चौथी एक. ती अजून घरात आलेली नव्हती, पण आप्पांनी तिला नाव देऊन टाकलं होतं: मालकीणबाई. "मालकीणबाई आल्या की ही खुर्ची इथून हलवावी लागेल." "मालकीणबाईंना चालेल का ते विचारा आधी." मालकीणबाई पाच वर्षांच्या होत्या, दुसऱ्या गावातल्या बालगृहात राहत होत्या, आणि त्यांना दत्तक घेऊन ह्या घरात आणायचं चाललं होतं.

पहिली भेट झाली होती. ती कशी झाली हे वहिनींनी कोणालाच धड सांगितलं नव्हतं. मुलगी मास्तरांपाशी चटकन गेली. त्यांनी हवेतल्या हवेत ब्रेक दाबून दाखवला, तशी खुदकन हसलीसुद्धा. मग वहिनी पुढे झाल्या, वाकल्या, आणि मुलगी अंगठा तोंडात घालून बालगृहाच्या मोठ्या बाईंच्या मागे जी लपली ती निघेपर्यंत बाहेर आली नाही. वहिनींचा चेहराच तसा, त्याला त्या तरी काय करणार? इतकी वर्षं बारीक काम डोळ्यांपाशी धरून कपाळाला कायमची आठी पडलेली. मनात माया दाटून आली तरी चेहऱ्यावर हिशेब तपासल्यासारखा भाव.

"घाई नको," मोठ्या बाई म्हणाल्या होत्या. "एक छोटा अल्बम करून द्या. तुमचं घर, तिची खोली, तुम्ही सगळे. रोज बघेल, तोंडओळख होईल. मग पुन्हा भेटू. तिला यावंसं वाटलं तर पुढचं बघू."

"आणि नाही वाटलं तर?" वहिनींनी विचारलं.

"तर तिच्यासाठी दुसरं घर शोधावं लागेल," बाई म्हणाल्या. उगाच गोड बोलायची त्यांना सवय नव्हती.

म्हणून हा अल्बम. परतीच्या वाटेवर मास्तर गाडी चालवत होते आणि वहिनी खिडकीबाहेर बघत होत्या. ती पोर घाबरली ती मलाच, हे त्यांच्या मनातून जाईना.

आता कोणी म्हणेल, एवढा जिवाचा आटापिटा कशाला, कोपऱ्यावर फोटोस्टुडिओ आहे, तिथून छापून आणा. आप्पा पण तेच म्हणाले. पण तो स्टुडिओवाला म्हणजे गल्लीचं चालतंबोलतं वर्तमानपत्र. ह्याआधी एका बाळाचं जवळजवळ ठरलं होतं, पाळणासुद्धा आणला होता, आणि आयत्या वेळी बाळाचे नातेवाईक पुढे आले. बाळ त्यांच्याकडे गेलं. चांगलंच झालं ते. पण त्यानंतर कितीतरी दिवस गल्लीतलं माणूस न् माणूस वहिनींना थांबवून मान हलवत "होईल हो सगळं नीट" म्हणायचं. त्या सांत्वनानं त्यांच्या नाकी नऊ आले होते. तेव्हाच त्यांनी कानाला खडा लावला, की मूल उंबऱ्याच्या आत येईपर्यंत कोणाला काही कळू द्यायचं नाही. मास्तरांनी रविवारी तिसऱ्याच गावातून प्रिंटर आणला, तोही चादरीत गुंडाळून घरात घेतला आणि त्याच संध्याकाळी शाई भरून चालू करून ठेवला. शेजारच्या काकूंनी जिन्यात विचारलं काय आणलंत, तर म्हणाले, "उशी." एवढी चौकोनी उशी काकूंनी जन्मात पाहिली नसेल.

"गुलाबी रंग उतरत नाहीये," वहिनी फोटो खिडकीशी धरून म्हणाल्या. "बाकीचे येतायत. चेहऱ्यातला गुलाबी काढला की माणूस असाच दिसतो."

"शाई तर भरलेली दाखवतोय," मास्तर म्हणाले. त्यांनी सोबतची पुस्तिका काढली. तीत लिहिलं होतं, 'छपाईचा दर्जा समाधानकारक नसल्यास दर्जा तपासून पाहावा.' घ्या! हे सांगायला पुस्तिका छापली. पण पुढच्या पानावर कामाचं सापडलं. अशा प्रिंटरला स्वतःची तब्येत दाखवणारा एक कागद काढता येतो. प्रत्येक रंगाची एकेक बारीक जाळी छापून येते. जाळी अखंड असली तर तो रंग ठणठणीत, तुटकी असली तर शाईची बारीक भोकं बुजलेली. काढला कागद. काळी जाळी छान, पिवळी छान, निळी बरी. गुलाबी जाळीची नुसती लक्तरं.

"डोकं साफ करायला सांगतोय," मास्तर वाचून म्हणाले. शाई उडवणाऱ्या भागाला डोकं म्हणतात.

"आधी तुझं कर," आप्पा म्हणाले. "विकत घेताना बघून घ्यायला नको?"

मास्तरांनी बटण दाबलं आणि प्रिंटरच्या पाठीवर हात ठेवला. "हां... घाबरू नकोस... सावकाश... सोड आता." आत गुरगुर झाली, खडखड झाली, आणि पुन्हा जाळी काढली तर गुलाबी अर्धी भरलेली. आणखी एकदा साफ केलं, तर अखंड! वहिनींचा जीव भांड्यात पडला. त्या संध्याकाळी घराचं दार छापलं, मुलीसाठी लावलेली खोली छापली. खोलीतल्या पलंगावरची पिवळी चादर अगदी तश्शी उतरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींनी कामावर जायच्या आधी मास्तरांचा फोटो छापायला घेतला आणि मास्तर हिरवे निघाले. वर रेघा.

"काल तर चांगला होता!"

"काल आपला होता," मास्तर म्हणाले, "आज परका झाला."

पुन्हा डोकं साफ, पुन्हा जाळी, पुन्हा ठीक. बुधवारी सकाळी पुन्हा हिरवं. आता मात्र वहिनींचं डोकं फिरायची वेळ आली, कारण प्रत्येक वेळी साफ करताना तो मेला प्रिंटर शाई घटाघटा पितो. पिऊन कुठं टाकतो देव जाणे. प्रिंटरच्या छोट्या पडद्यावरची गुलाबी पट्टी बघता बघता खाली उतरली. मास्तर दुकानात जाऊन आले, तर बाकी सगळे रंग होते, गुलाबी पुढच्या आठवड्यात येणार होता.

त्यातच बुधवारी संध्याकाळी मास्तरांनी घाईघाईत चकचकीत कागद पालथा घातला. रंग ह्या वेळी बरोबर होते, पण शाई कागदात शिरेचना. थेंब थेंब वर तरंगत राहिली, आणि वहिनींनी उचलायला बोट लावलं तशा आप्पांच्या मिशा ओघळून थेट शर्टाच्या खिशात उतरल्या.

"झालं!" वहिनी ओरडल्या. "गुलाबी थेंबभर उरलाय आणि तुम्ही तो कागदाच्या पाठीवर सांडताय!"

"मला दोन्ही बाजू सारख्याच दिसल्या गं."

"दिसायला सारख्याच असतात, बोट लावून बघायचं असतं!" त्यांनी बोट जिभेला लावलं आणि कागदाच्या कोपऱ्याला टेकवलं. "ही बाजू बोटाला चिकटते. शाई हिच्यावर बसते. दुसरी चिकटत नाही. आणि हो, कागद कुठला ते त्याला सांगितलंत का? तिथं 'साधा कागद' लिहिलेलं तसंच आहे. बदला ते."

मास्तरांनी मुकाट्यानं बदललं. ते उलट बोलत नाहीत, हीच त्यांची वाईट खोड; भांडायला मजाच येत नाही. वहिनी स्वयंपाकघरात गेल्या, नळ सोडला आणि भांडी घासायच्या मिषानं चांगल्या रडल्या. प्रिंटरसाठी कोण रडतं? पण त्या अल्बममधून ती पोर त्यांना बघणार होती, समोरासमोर लपली तरी कागदावर तरी बघणार होती, आणि ते एक दारसुद्धा रेघारेघांनी बंद होत होतं. मास्तर मागून आले आणि भांडी विसळायला उभे राहिले.

गुरुवारी वहिनींनी ठरवलं, आज ह्याचा छडा लावायचा. संध्याकाळी त्यांनी एक कागद छापून पाहिला, ठीक आला. मग प्रिंटरच्या अंगावरचं बटण दाबून तो त्यांनी स्वतः बंद केला. तो लगेच बंद झाला नाही. आधी आत काहीतरी उजवीकडे सरकत गेलं, खर्र, मग टक असा बारीक आवाज आला, आणि त्यानंतर दिवा विझला. वहिनी थबकल्या. रोज तर असा आवाज येत नाही. पुन्हा सुरू केला, आणि विचार करत तिथंच पलंगाच्या कडेवर बसून राहिल्या.

तेवढ्यात आप्पांची फेरी निघाली. ही फेरी रोजची. जेवणं उरकली की आप्पा घरभर हिंडून भिंतीवरचं एकूण एक बटण बंद करतात. टीव्ही, मिक्सर, फोनचे चार्जर, सगळं. रिकामी यंत्रं विजेवर ठेवली की काय होतं हे त्यांनी नोकरीत डोळ्यांनी पाहिलंय, त्यामुळे त्यावर कोणी वाद घालत नाही. टक, टक, टक करत आप्पा खोलीशी आले, दारातूनच हात आत घालून भिंतीवरचं बटण खाली केलं आणि पुढे गेले. प्रिंटरचा दिवा फटकन गेला. ना खर्र, ना टक.

वहिनींनी उठून प्रिंटरचं झाकण उघडलं. डोकं मधोमध उभं होतं, उघडंबोडकं. आणि उजव्या कोपऱ्यात, जिथं ते जाऊन बसायला हवं होतं, तिथं ओलसर गादीचा एक छोटा खण रिकामाच होता.

त्यांना हसावं की रडावं कळेना.

"आप्पा!"

आप्पा आले. वहिनींनी त्यांना खुर्चीवर बसवलं. एकदम सांगितलं तर म्हातारा मनाला लावून घेईल, म्हणून त्यांनी लांबून सुरुवात केली.

"आप्पा, झोपताना तुम्ही कवळी कुठं ठेवता?"

"वाटीत. पाण्यात. तूच बनवून दिलीस आणि तूच दम दिलास, की कोरडी पडली तर वाकडी होईल. का? वाकडी झालीय का?"

"नाही. पण तुम्ही वाटीकडे निघालात आणि मी मध्येच तुम्हाला धरून ठेवलं, कवळी रात्रभर उघड्यावर राहिली, तर?"

"सकाळी मला चहातला पावसुद्धा चावायचा नाही." आप्पांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग उघड्या प्रिंटरकडे, मग भिंतीवरच्या बटणाकडे. लाईनमन माणूस, यंत्राची भाषा त्यांना समजवावी लागत नाही. त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे हा झोपायला निघतो, आणि मी मध्येच त्याचा प्राण काढून घेतो."

"आणि शाई रात्रभर भोकांत वाळते."

"म्हणजे रोज सकाळी..." आप्पांचा आवाज बारीक झाला. "सूनबाई, अगं मीच? ती पोर यावी म्हणून मी दिवस मोजतोय, आणि तिच्या अल्बमवर रेघा मारतोय तो मीच?"

"आप्पा, तुम्हाला काय माहीत."

"मला नाही माहीत तर कोणाला माहीत असणार? आयुष्यभर लोकांना सांगितलं, बटण दाबायच्या आधी बघा पुढे काय जोडलंय." आणि त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. वहिनी त्यांच्या पुढ्यात खाली बसल्या आणि त्यांचा हात हातात घेतला. सासरे असले तरी त्यांना त्या वेळी ते एखाद्या वर्गाबाहेर उभ्या केलेल्या पोरासारखे वाटले.

"ऐका तर. यंत्र मेलेलं नाही. आता आपण ह्याला नीट झोपवू आणि सकाळी बघू. पण त्याचं बटण आधी दाबायचं. टक ऐकू आलं की मग तुमचं भिंतीवरचं."

"टक ऐकू येईपर्यंत थांबायचं."

"थांबायचं."

मास्तरही आवाज ऐकून आले होते. वहिनींनी डोक्याचा तो भाग ओल्या फडक्यानं हळूच टिपला. त्यात बोटं गुलाबी झाली, आणि नाक खाजवलं तर नाकाचा शेंडाही. मग झाकण लावून त्यांनी प्रिंटर चालू केला आणि त्याचं बटण दाबलं. आप्पा गुडघे टेकून खाली बसले, प्रिंटरला कान लावला, डोळे मिटले, आणि एक बोट वर करून सगळ्यांना गप्प केलं. आत खर्र झालं. आप्पांच्या भुवया वर गेल्या. टक झालं.

"झोपला!" आप्पा कुजबुजले, आणि चवड्यांवर चालत, चाहूलही न लागू देता, भिंतीवरच्या बटणाकडे निघाले.

वहिनींना असं हसू फुटलं की काही विचारू नका. आठवडाभराचं साचलेलं सगळं त्या हसण्यातून बाहेर आलं. तोंड भरून, डोळे मिटून, नाकावर शाई घेऊन त्या हसत सुटल्या. मास्तरांनी फोन काढून फोटो घेतला.

"अहो! काढून टाका तो! सगळे दात दिसतायत!"

"दातवाल्या बाईंचे दात दिसणार नाहीत तर कोणाचे दिसणार?" मास्तर म्हणाले.

शुक्रवारी सकाळी तिघंही प्रिंटरसमोर जमले. मास्तरांनी जाळ्यांचा कागद काढला. चारही जाळ्या अखंड, गुलाबीसुद्धा, एक तार तुटलेली नाही. आप्पांनी तो कागद हातात घेतला आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. मग भराभरा छपाई सुरू झाली. स्वयंपाकघर आलं, अंगणातला नळ आला, आप्पा आले, आणि ह्या वेळी माणसाच्या रंगाचे आले. मास्तर आले. शेवटी राहिल्या वहिनी, आणि पडद्यावर गुलाबी शाई संपत आल्याचा दिवा लुकलुकायला लागला.

"एकच निघेल," मास्तर म्हणाले. "कुठला काढू?"

वहिनींनी एक फोटो निवडून ठेवला होता. केस विंचरलेले, इस्त्रीचे कपडे, ओठ बंद. सभ्य फोटो.

आप्पांनी तो पाहिला. "हा ओळखपत्रावर लाव. पोरीला माझी सून बघायचीय. काल रात्रीची."

"आप्पा, नाकाला शाई लागलीय त्यात!"

"मग? खरीच लागली होती ना?"

वहिनींनी फोनवरचा तो फोटो पुन्हा पाहिला. वेडीविद्री दिसते मी ह्यात, त्यांच्या मनात आलं. पण ह्यात आठी नव्हती. "काढा," त्या म्हणाल्या. कागद त्यांनी स्वतः बोट लावून, बाजू बघून घातला. फोटो केसांकडून सुरू झाला आणि इंचाइंचानं बाहेर सरकला. कपाळ आलं, मिटलेले डोळे आले, नाक आलं, आणि मग ते सगळे दात. वहिनींनी तो वाळू दिला आणि उजेडात धरला.

"कसाय रंग?" मास्तरांनी विचारलं.

"हिरड्यांसकट बरोबर," वहिनी म्हणाल्या.

शनिवारी मास्तर अल्बम देऊन आले. मोठ्या बाईंनी पंधरवड्यानं बोलावलं होतं. ते दिवस वहिनींनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. प्रयोगशाळेत एका कवळीला त्यांनी दुसऱ्याच माणसाचे दात बसवले, असं आजवर कधी झालं नव्हतं. आरशासमोर उभं राहून हसून बघायच्या आणि स्वतःलाच ओशाळून बाजूला व्हायच्या. पोर आपल्याला हवीय, हे त्यांना आता लख्ख कळलं होतं. आणि तिला आपण हव्या आहोत का, हे विचारायची काही सोय नव्हती.

ठरलेल्या दिवशी दोघं गेले. बालगृहाच्या बैठकीच्या खोलीत ठेंगणं टेबल होतं, भोवती ठेंगण्या खुर्च्या, आणि टेबलावर त्यांचा अल्बम. कोपरे मऊ पडलेले, कव्हरवर बोटांचे डाग.

"बघितलाय गं तिनं," मास्तर म्हणाले. "चांगला वापरलाय."

वहिनींनी अल्बम उघडला. घराचं दार होतं. पिवळ्या चादरीची खोली होती. आप्पा होते, मास्तर होते. त्यांनी पान उलटलं. पुढचा कप्पा रिकामा होता.

मास्तरांनी पानं पुढेमागे केली, अल्बम उलटा करून झटकला, खाली वाकून टेबलाखाली पाहिलं.

"राहू द्या," वहिनी म्हणाल्या.

"अगं, कुठंतरी पडला असेल."

"राहू द्या हो." बाकी सगळे आपापल्या जागी होते. एवढा एकच काढून टाकला होता. रडायचं नाही, त्यांनी स्वतःला बजावलं, पोर येईल, तिच्यासमोर रडायचं नाही, तिला आणखी भीती वाटेल. लहान मूल आहे, नाही आवडत एखादा चेहरा. दुसरं घर मिळेल तिला. चांगलं मिळो.

दार उघडलं. मोठ्या बाई आत आल्या आणि त्यांच्या बोटाला धरून ती, अंगठा तोंडात. बाईंनी टेबलावरचा उघडा अल्बम पाहिला आणि वहिनींचा चेहरा पाहिला.

"अहो, तो फोटो होय? तो अल्बममध्ये कुठला राहतोय! तो हिच्याकडे असतो. कोणाला हात लावू देत नाही. दाखव गं."

मुलीनं फ्रॉकच्या खिशात हात घातला आणि चुरगळलेला एक कागद काढून पुढे धरला. वहिनींनी पाहिलं. केस होते, खांदे होते, मागची भिंत होती. मध्ये चेहऱ्याच्या जागी काहीच नव्हतं. नुसता फिकट, पांढुरका गोल, कडेला जरासा गुलाबी.

"अंगठा चोखायचा," मोठ्या बाई सांगत होत्या, "आणि तोच ओला अंगठा फोटोतल्या गालावर फिरवत फिरवत झोपायचं. रोजचं आहे. पहिल्यांदा नाक गेलं, मग डोळे गेले. म्हटलं, अगं पुसून टाकशील तिला. ऐकते कुठं! तशीच घेऊन झोपते."

वहिनी खुर्चीवरून उतरून जमिनीवर बसल्या. हसायचं त्यांच्या लक्षातच राहिलं नाही. आठी होती तशी कपाळावर होती आणि डोळे भरून वाहत होते.

मुलीनं बाईंचं बोट सोडलं. फोटोकडे पाहिलं, वहिनींकडे पाहिलं, आणि अगदी जवळ येऊन उभी राहिली. अंगठा तोंडातून काढला आणि वहिनींच्या गालावर टेकवला. हळूच फिरवला. अंगठा वळवून नीट निरखून पाहिला. पुन्हा टेकवला, आता चांगला जोर लावून घासला, आणि पुन्हा पाहिला.

"ही पुसलीच जात नाही," ती मोठ्या बाईंना म्हणाली.

"नाही गं बाळा," वहिनी म्हणाल्या. "घास हवं तेवढं."

मुलीनं क्षणभर विचार केला. मग हातातला फोटो तिनं मास्तरांकडे धरायला दिला, कारण आता तिला दोन्ही हात लागणार होते.